मोटारीच्या दर्शकफलकातील अल्प विद्युतदाबाचे दोषनिदान : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे शोध, संशोधक आणि कारखाने यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे दुरुस्तीला मिळत नाही. यंत्र कोणी बनविले याची नोंद राहते. ते बिघडल्यावर बिघाड कोठे आहे हे कोणी व कोणत्या विचाराने ओळखले याची नोंद सहसा राहत नाही. वास्तविक यंत्राचे आयुष्य निर्मितीपेक्षा वापरात आणि दुरुस्तीत अधिक जाते. म्हणून दुरुस्तीमागील विचारपद्धती हाही इतिहासाच्या अभ्यासाचा विषय ठरतो.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने एक छोटा विषय निवडला आहे. मोटारीतील चालकासमोरचा दर्शकफलक, ज्याला बोलीभाषेत नुसते 'मीटर' म्हटले जाते, त्यास पुरेसा विद्युतदाब न मिळाल्यास कोणते दोष दिसतात आणि त्यांचे निदान करण्याची पद्धत गेल्या सुमारे शंभर वर्षांत कशी बदलत गेली, याचा येथे मागोवा घेतला आहे. विषय तांत्रिक असला तरी त्यातील मूळ प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहे. दर्शकफलक हा मोटारीच्या प्रकृतीविषयी साक्ष देणारा साक्षीदार आहे. परंतु ज्या विद्युतपुरवठ्याविषयी तो साक्ष देतो त्याच पुरवठ्यावर तो स्वतः जगतो. पुरवठा दुबळा झाला की साक्षीदारच आजारी पडतो. अशा साक्षीदाराच्या सांगण्यावर कितपत विश्वास ठेवावा, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

उद्दिष्टे

१) दर्शकफलकाच्या विकासाचे टप्पे विद्युतदाबाच्या संदर्भात स्पष्ट करणे.
२) प्रत्येक टप्प्यावर अल्प विद्युतदाबाचे निदान कोणत्या तर्काने केले जात असे, याचा शोध घेणे.
३) भारतातील, विशेषतः मुंबईतील, मोटारदुरुस्तीच्या परंपरेशी या तर्काचा संबंध तपासणे.

१. काट्याचा काळ : डायनॅमो आणि अ‍ॅमीटर

आरंभीच्या मोटारींना विजेची गरज प्रज्वलनापुरतीच होती. दिवे तेलाचे वा अ‍ॅसिटिलीन वायूचे असत आणि इंजिन हातदांड्याने फिरवून चालू करावे लागे. स्ट्रासबर्ग येथील ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये ज्याचे पेटंट घेतले तो वेगमापकदेखील विजेच्या तारेवर नव्हे, तर फिरत्या केबलवर आणि चुंबकावर चालणारा होता. त्यामुळे विद्युतदाब घटल्याने मीटर चुकीचे दाखवील, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

ही परिस्थिती १९१२ नंतर पालटली. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर त्या वर्षीच्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि त्याबरोबर बॅटरी व डायनॅमो हे मोटारीचे कायमचे घटक झाले. बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे हे चालकाला कळणे आता आवश्यक झाले. त्यासाठी दर्शकफलकावर अ‍ॅमीटर बसविला जाऊ लागला. फोर्डच्या 'मॉडेल टी' या सर्वसामान्यांच्या मोटारीतही १९१९ च्या सुमारास स्टार्टरबरोबर अ‍ॅमीटर आला.

अ‍ॅमीटरचे वैशिष्ट्य असे की त्याचा काटा मध्यभागी शून्यावर असतो. प्रवाह बॅटरीकडे जात असेल तर तो एका बाजूस आणि बॅटरीतून बाहेर पडत असेल तर दुसऱ्या बाजूस झुकतो. येथे साक्ष प्रत्यक्ष होती. चालक ज्या प्रवाहाविषयी विचारीत असे, तोच प्रवाह काट्याच्या गुंडाळीतून वाहत असे. निदानही त्यामुळे सरळ होते. इंजिनचा वेग वाढवूनही काटा भरतीच्या बाजूस येत नसेल तर डायनॅमो, त्याचा पट्टा, कार्बन ब्रश किंवा कटआउट यांपैकी एकात दोष आहे, असे अनुमान चालकही करू शकत असे.

त्या काळातील पेट्रोलदर्शक मीटरही या दृष्टीने उल्लेखनीय आहे. त्यात परस्परविरोधी ओढ असणाऱ्या दोन गुंडाळ्या असत आणि काटा त्या दोन प्रवाहांच्या प्रमाणानुसार स्थिर होई. विद्युतदाब घटला तर दोन्ही गुंडाळ्यांतील प्रवाह सारख्याच प्रमाणात घटत. त्यांचे परस्पर प्रमाण बदलत नसे. परिणामी बॅटरी थोडी उतरली तरी पेट्रोलचा काटा फारसा फसत नसे. पुरवठ्याच्या चढउतारापासून साक्षीदाराला अलिप्त ठेवण्याची सोय या रचनेत आपोआपच झाली होती.

२. दिव्याचा आणि स्थिरकाचा काळ

विसाव्या शतकाच्या मध्यास दर्शकफलकात दोन बदल झाले. पहिला बदल म्हणजे अ‍ॅमीटरच्या जागी आलेला चार्जिंगचा लाल दिवा. हा दिवा स्वस्त होता, तसेच मोटारीचा सगळा प्रवाह फलकापर्यंत आणणाऱ्या जाड तारांची गरज त्यामुळे संपली. अमेरिकेत त्याला अवहेलनेने 'मूर्खाचा दिवा' म्हटले गेले, कारण तो किती हे सांगत नाही, फक्त हो किंवा नाही एवढेच सांगतो. परंतु या दिव्याची जोडणी पाहिली तर ही अवहेलना सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. दिव्याचे एक टोक इग्निशन स्विचमार्फत बॅटरीला आणि दुसरे डायनॅमोला जोडलेले असते. दोन्हीकडे विद्युतदाब समान झाला की दिवा विझतो; तफावत असेल तर पेटतो. म्हणजे हा दिवा दोन विद्युतदाबांची तुलना करणारे साधे उपकरणच होय. इंजिन हळू चालत असताना डायनॅमोचा दाब कमी पडून दिवा मिणमिणला, तर तो दोष नव्हे, हे जाणकार मेकॅनिकला ठाऊक असे. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर आणला आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. मंद वेगातही भरणा होऊ लागल्याने हा भेद मागे पडला. मात्र अनेक अल्टरनेटरांना सुरुवातीचा उत्तेजक प्रवाह याच दिव्यातून मिळत असल्यामुळे, दिवा जळून गेला तर भरणाच सुरू न होण्याची नवी शक्यता निर्माण झाली. साक्षीदार आता घटनेत सहभागीही झाला होता.

दुसरा बदल अधिक दूरगामी होता. दोन गुंडाळ्यांच्या मीटरचा काटा रस्त्यावरील हादऱ्यांनी व टाकीतील पेट्रोलच्या हिंदकळण्याने सारखा हलत असे. त्यावर उपाय म्हणून द्विधातू पट्टीचे मीटर आले. प्रवाहाने पट्टी तापते, वाकते आणि काटा हळूहळू सरकतो. काटा स्थिर झाला खरा, पण पट्टी किती तापेल हे विद्युतदाबावर अवलंबून असल्यामुळे मीटर पुरवठ्याचे अंकित झाले. म्हणून त्यासाठी वेगळा विद्युतदाब स्थिरक बसवावा लागला. फोर्डने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरासरी ५ व्होल्टचा, तर ब्रिटनमधील स्मिथ्स कंपनीने १९६० च्या दशकात सरासरी १० व्होल्टचा स्थिरक प्रचारात आणला.

हा स्थिरकही द्विधातू पट्टीचाच असे. पट्टीभोवतीची तार तापली की संपर्क तुटे, पट्टी थंड झाली की पुन्हा जुळे. या उघडझापीतून सरासरी दाब नियंत्रित राही. मीटरची पट्टी मुळातच सुस्त असल्यामुळे तिला ही उघडझाप जाणवत नसे. या रचनेतून दोषनिदानाचा एक अत्यंत सुंदर नियम सिद्ध झाला. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही मीटर एकाच स्थिरकावर चालत. त्यामुळे एकच मीटर चुकत असेल तर दोष त्या मीटरमध्ये, त्याच्या तारेत किंवा टाकीतील अथवा इंजिनवरील संवेदकात शोधावा; दोन्ही मीटर एकाच वेळी आणि एकाच दिशेने चुकत असतील तर दोष त्यांच्या सामाईक पुरवठ्यात शोधावा.

दिशेचाही अर्थ होता. दोन्ही काटे खाली राहिले तर स्थिरकाचे संपर्क जळले आहेत किंवा बॅटरीचा दाबच स्थिरकाच्या नियत दाबाहून खाली गेला आहे, असा संशय येई. कारण स्थिरक दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. दोन्ही काटे वर गेले तर बहुधा स्थिरकाचे अर्थिंग सुटलेले असे. अर्थ नसल्याने तापवणारी तार तापत नाही, संपर्क तुटत नाही आणि बॅटरीचा पूर्ण दाब मीटरवर येतो. म्हणजे इंजिन प्रत्यक्षात गरम झालेले नसतानाही तापमानाचा काटा लाल रेषेकडे जाई. अशा वेळी रेडिएटर खोलण्यापूर्वी पेट्रोलच्या काट्याकडे पाहणे हे जाणकाराचे लक्षण होते. स्थिरक तपासण्यासाठी महागडे साधन लागत नसे. त्याच्या बहिर्गामी टोकाला टेस्ट लॅम्प लावला आणि तो लुकलुकला की स्थिरक जिवंत आहे असे समजे.

३. भारतीय संदर्भ : कुर्ल्याची मोटार आणि मुंबईची टॅक्सी

भारतात हा दुसरा टप्पा पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच दीर्घ ठरला. त्यामागे आर्थिक धोरणाची कारणे आहेत. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर केवळ परदेशी सुटे भाग जोडणाऱ्या कंपन्यांना येथून जावे लागले आणि निर्मितीचा कार्यक्रम असलेल्या मोजक्या कंपन्याच उरल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९५० च्या दशकापासून फियाट ११०० तयार होऊ लागली; तिचेच पुढचे रूप १९७० च्या दशकात 'पद्मिनी' या नावाने ओळखले गेले. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे मॉरिस ऑक्सफर्डवर आधारित अ‍ॅम्बॅसॅडर तयार होत होती. विद्युत उपकरणांसाठी १९६१ मध्ये मद्रास येथे लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली.

दशकानुदशके मूळ रचना फारशी न बदलता तीच मोटार रस्त्यावर राहिल्याने ग्राहकाचा तोटा झाला असेल. परंतु दुरुस्तीच्या ज्ञानाच्या दृष्टीने त्याचा एक वेगळा परिणाम झाला. एकाच प्रकारची वायरिंग पिढ्यान्‌पिढ्या हाताखालून गेल्यामुळे मेकॅनिक आणि ऑटो इलेक्ट्रिशियन यांच्याकडे अनुभवाचा मोठा साठा जमा झाला. हे ज्ञान दोन वाटांनी पुढे गेले. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकविला गेला. तर दुसरीकडे गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली ते तोंडी शिकविले गेले. या दुसऱ्या वाटेचे लेखी साधन अत्यल्प आहे, हीच इतिहासकाराची अडचण होय.

मुंबईची काळीपिवळी टॅक्सी हे या ज्ञानाचे मोठे क्षेत्र होते. टॅक्सी दिवसभर थांबत थांबत चालते, सेल्फ वारंवार मारला जातो. सागरी हवा आणि पावसाळा यांमुळे टर्मिनलवर क्षार चढतो आणि अर्थच्या जोडाला गंज लागतो. अल्प विद्युतदाबाच्या तक्रारीला याहून पोषक परिस्थिती कोणती असणार? पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या वळणावर थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस वयोमर्यादेच्या नियमानुसार शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईच्या रस्त्याचा निरोप घेतला. त्या वेळी गाडीविषयी पुष्कळ लिहिले गेले. तिच्यासोबत अस्तंगत होणाऱ्या निदानविद्येकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

४. संकेतांकाचा काळ

तिसऱ्या टप्प्यात दर्शकफलक स्वतःच एक छोटा संगणक झाला. बॉश कंपनीने १९८३ मध्ये काम सुरू करून १९८६ मध्ये जाहीर केलेली 'कॅन' ही संदेशवहन प्रणाली मोटारीतील निरनिराळ्या नियंत्रकांना दोन तारांवर एकमेकांशी बोलू देते. अमेरिकेत १९९६ पासून 'ओबीडी-२' ही स्वनिदान प्रणाली नव्या मोटारींना बंधनकारक झाली. भारतात १९९३ मध्ये प्रवासी मोटारींच्या निर्मितीवरील परवाना पद्धत उठली, नवे कारखाने आले, आणि भारत स्टेज-४ च्या मानकांबरोबर २०१० पासून ओबीडीचा पहिला व २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला.

या फलकातील प्रक्रियक साधारणतः ५ व्होल्ट किंवा त्याहून कमी स्थिर दाबावर चालतो. १२ व्होल्टच्या पुरवठ्यातून हा दाब आतील नियंत्रक तयार करतो. निरोगी व भरलेल्या बॅटरीचा दाब विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट आणि अल्टरनेटर चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असतो. सेल्फ मारताना तो क्षणभर बराच खाली येतो, ९.६ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी संशयास्पद मानतात. दाब आणखी घसरला की प्रक्रियक चुकीची गणिते करण्याऐवजी स्वतःला थांबवून पुन्हा आरंभ करतो. त्या क्षणी सगळे काटे शून्यावर पडतात, पडदा काळवंडतो, घड्याळ मागे जाते आणि चालू झाल्यावर परस्परांशी संबंध नसलेले अनेक इशारादिवे एकदम पेटतात.

येथे साक्षीची समस्या गुंतागुंतीची होते. फलक क्षणभर गप्प झाला की इतर नियंत्रक त्याची नोंद करतात. 'यू ०१५५' हा संकेतांक दर्शकफलकाशी संपर्क तुटल्याचे सांगतो, तर 'पी ०५६२' हा प्रणालीतील दाब कमी असल्याचे सांगतो. केवळ पहिला संकेतांक वाचणारा मनुष्य फलकच सदोष ठरवून तो बदलण्याचा सल्ला देईल. दोन्ही एकत्र वाचणारा मनुष्य प्रथम बॅटरीकडे आणि अर्थच्या जोडाकडे जाईल. एकाच वेळी अनेक साक्षीदार अडखळत असतील तर सामाईक कारण शोधावे, हा स्थिरकाच्या काळातील नियमच येथे पुन्हा उपयोगी पडतो. काळ बदलला, तर्क बदलला नाही.

मोजमापातही जुना धडा कायम आहे. गंजलेल्या जोडाचा रोध अर्धा ओहम आहे असे समजू. नुसता डिजिटल मल्टिमीटर लावला तर तो जवळपास प्रवाहच ओढत नाही. म्हणून त्या जोडावर दाब पडत नाही आणि पडद्यावर पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात. परंतु त्याच जोडातून ४ अँपिअरचा भार वाहू लागला की २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि पुढे १०.६ व्होल्टच पोहोचतात. गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमाचाच हा आविष्कार आहे. म्हणून दाब भार चालू असताना मोजावा आणि अर्थच्या बाजूचा दाबपातही तपासावा. निरोगी जोडावर तो सर्वसाधारणपणे ०.१ ते ०.२ व्होल्टहून अधिक नसतो. जुना उस्ताद मीटरऐवजी टेस्ट लॅम्प वापरीत असे, त्यामागे हेच शास्त्र होते. लॅम्प स्वतः प्रवाह ओढतो, म्हणून दुबळा जोड त्याच्यासमोर उघडा पडतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारींनीही हा प्रश्न निकालात काढलेला नाही. त्यांतील मोठी बॅटरी भरलेली असली तरी बहुसंख्य गाड्यांत दर्शकफलक व नियंत्रक हे वेगळ्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावरच चालतात. तो खाली गेला तर शेकडो किलोमीटरची ऊर्जा साठवलेली गाडीही मूक होते.

५. साधनचिकित्सा आणि दोषनिदान

इतिहासाच्या अभ्यासात आपण साधनांचे बहिरंग आणि अंतरंग परीक्षण शिकवतो. कागद अस्सल आहे काय, हा पहिला प्रश्न. त्यातील मजकूर विश्वसनीय आहे काय, हा दुसरा. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करून अस्सल कागदांच्या आधारावर जो भर दिला, त्याने महाराष्ट्रातील इतिहासलेखनाला शिस्त लावली. दर्शकफलकाचे निदान करणारा कारागीर वेगळ्या क्षेत्रात हीच शिस्त पाळतो. काटा काय सांगतो हे तो नंतर पाहतो. काट्याला बोलण्यासाठी पुरेसे बळ मिळते आहे काय, हे तो आधी पाहतो.

हा केवळ शाब्दिक साधर्म्याचा मुद्दा नाही. आधुनिक मोटारीत एकूण धावेचा आकडा दर्शकफलकाच्या स्मृतीत साठवलेला असतो. काही मोटारींत चोरीप्रतिबंधक यंत्रणाही त्याच्याशी निगडित असते. एका गंजलेल्या जोडाऐवजी संपूर्ण फलक बदलला गेला, तर मालकाला अकारण मोठा खर्च सोसावा लागतो आणि धावेचा आकडा नव्या फलकात रीतसर उतरविला गेला नाही तर गाडीची ऐतिहासिक नोंदही खंडित होते. चुकीच्या निदानाने येथे अक्षरशः एक दस्तऐवज नष्ट होतो.

निष्कर्ष

१) दर्शकफलकाच्या प्रत्येक सुधारणेबरोबर त्याचे स्थिर विद्युतदाबावरील अवलंबित्व वाढत गेले. दोन गुंडाळ्यांचा मीटर पुरवठ्यापासून बराच स्वतंत्र होता, द्विधातू मीटरला स्थिरक लागला आणि संगणकीय फलक तर दाब घसरताच बोलणेच थांबवतो.

२) निदानाची साधने अ‍ॅमीटर, टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर व संकेतांक अशी बदलली, परंतु सामाईक दोषाचे सामाईक कारण शोधणे आणि भाराखाली दाब तपासणे, ही तत्त्वे टिकून राहिली.

३) भारतात जुन्या रचनेच्या मोटारी दीर्घकाळ राहिल्याने ही तत्त्वे कारागिरांच्या मौखिक परंपरेत रुजली. त्या मोटारी आता रस्त्यावरून गेल्या आहेत. त्यांवर शिकलेल्या पिढीतील अनेक कारागीर मात्र अद्याप आपल्यात आहेत. त्यांच्या मुलाखतींच्या आधारे मौखिक इतिहास नोंदविण्याचे काम महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी संयुक्तपणे हाती घेतले पाहिजे.

४) संकेतांक वाचणारे यंत्र उत्तर देते असा समज रूढ होत आहे. वस्तुतः ते केवळ साक्ष नोंदवते. साक्षीची छाननी करण्याची जबाबदारी माणसाचीच राहते. ही छाननी शिकविणे हे तंत्रशिक्षणाचे जेवढे कार्य आहे, तेवढेच ते इतिहासाच्या अध्यापनाचेही आहे.